सोळा दुणे बत्तीस

मला वस्तू जागच्या जागी लागतात, आणि माणसंही. कोण कुठल्या खणात बसतं हे एकदा ठरलं की पुढचं सोपं जातं. हा वेळ पाळणारा, हा बोलघेवडा, ही तोंडाने फटकळ पण अडीनडीला धावून येणारी. बहारीनमध्ये आम्ही काढलेल्या वर्षांत नाना देशांची माणसं भेटली आणि बहुतेक सगळी मुकाट्याने आपापल्या खणात गेली. एकच माणूस उरला. त्याला मी आधी 'थापाड्या' या खणात ठेवलं, मग 'आजारी'मध्ये, मग 'वेडा'मध्ये. तिन्हींतून तो बाहेर आला. कपाट आवरून झाल्यावर हातात एकच वस्तू उरते आणि ती कुठली हेच कळत नाही, तसं माझं त्याच्या बाबतीत झालेलं आहे.

हा माणूस हॉलंडचा. तुबलीला खाडीच्या कडेला आमचं वर्कशॉप होतं. समुद्रातला गाळ उपसणाऱ्या बोटींचे पंप तिथे दुरुस्तीला येत. तो तिथला मॅनेजर. मी ऑफिस आणि स्टोअर दोन्ही बघायचे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी मुलगी तेव्हा नुकती शाळेत जाऊ लागली होती आणि मी मराठीत विचारलेल्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं द्यायला शिकली होती.

त्याला 'सर' म्हटलेलं चालत नसे. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "मला नावाने हाक मारा." आता मॅनेजरला नावाने हाक मारायची आमच्यात कुणाची जीभ वळेल? शेवटी तडजोड म्हणून सगळे त्याला 'मिस्टर' म्हणू लागले. नुसतंच मिस्टर, पुढे काही नाही. माझी मात्र घरी पंचाईत झाली. "आज मिस्टर जेवलेच नाहीत," असं मी फोनवर बहिणीला सांगितलं, तर शेजारी बसलेला माझा नवरा म्हणाला, "आत्ता तर दोन पोळ्या खाल्ल्या मी!" मग त्याने फर्मान काढलं, "घरात एक मिस्टर पुरे. दुसऱ्याला तुबलीतच ठेवून येत जा."

पण दुसरा तुबलीत राहायला तयार नव्हता, कारण तो आमच्याच गल्लीत, उम्म अल हस्समला तळमजल्यावर राहायचा. त्याच्या खिडक्यांना पडदे नव्हते. संध्याकाळी दिवा लागला की रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला तो आत बसून ब्रेड खाताना दिसे. ब्रेडवर लोणी, आणि लोण्यावर लहान मुलांच्या केकवर भुरभुरतात ते चॉकलेटचे दाणे. सहा फुटांच्या वरचा, हातावर केसांचं रान असलेला माणूस रोज रात्री हेच जेवतो हे सगळ्या गल्लीला पाठ झालं होतं. गल्लीतल्या बायका त्याच्या खिडकीपाशी आल्या की माना फिरवून चालत. मी एकदा त्याला सुचवलं, "पडद्यांचं कापड मी आणून देऊ का?"

"कशाला? मी काही लपवत नाही."

"तसं नाही, पण लोक बघतात."

"बघू दे. तुम्ही काय लपवता?"

मी पडद्याचा विषय माझ्या यादीतून खोडला.

कामावर तो सायकलने येई. त्या उन्हात, डोक्यावर ओला रुमाल बांधून. पोलिसांनी दोनदा थांबवून त्याला विचारलं होतं की गाडी बंद पडली का. आणि तो खरं बोलायचा. ही सवय वाचायला चांगली वाटते, पण रोज सोबत काम करून बघावं. आमचे हुसेनभाई, म्हसळ्याचे, लेथवर त्यांचा हात धरणारा साऱ्या तुबलीत कुणी नव्हता. त्यांनी ईदला त्याला घरी जेवायला बोलावलं. भाभींनी सकाळपासून खपून बिर्याणी केली होती. पहिला घास घेऊन हा म्हणाला, "मीठ जास्त आहे." आणि मग तीन वेळा मागून घेऊन खाल्ली. भाभींना रडावं की आणखी वाढावं तेच समजेना.

वाढदिवसांचं तर विचारूच नका. त्याने माझ्याकडून वर्कशॉपमधल्या सगळ्यांचे वाढदिवस मागून घेतले. मी नीट महिन्यांप्रमाणे टाईप करून दिले. मला वाटलं, माणूस लहरी आहे पण मनाने मोठा. दुसऱ्या दिवशी हुसेनभाई तणतणत माझ्या टेबलापाशी आले.

"ताई, त्याने माझं नाव संडासात लावलंय!"

"काय?"

"दरवाज्याला, आतून. बसलं की समोर. तुमचं पण आहे. पण तुमचं वर आहे, माझं खाली, नळाच्या बाजूला."

मी जाऊन विचारलं. त्याला आमचा राग कळलाच नाही. त्याच्या देशात म्हणे घरोघरी वाढदिवसांचं कॅलेंडर तिथेच टांगतात. "माणूस रोज जिथे शांतपणे बसतो तिथेच लावायचं. म्हणजे विसरत नाही." त्याच्या तर्कात खोट काढता येईना, आणि पटवूनही घेता येईना. ज्याचा वाढदिवस असेल त्याचंच नाही, तर त्याच्या आसपासच्या सगळ्यांचं तो हात हातात घेऊन अभिनंदन करी. माझ्या नवऱ्याच्या वाढदिवसाला त्याने माझं अभिनंदन केलं, मुलीचं केलं, आणि काही कामाने दारात आलेल्या हुसेनभाईंचंही केलं. हुसेनभाई हात सोडवून घेत मला म्हणाले, "माझा काय संबंध?" मी म्हटलं, "घ्या, मिळतंय तर."

आता मुख्य गोष्ट. हा माणूस पंपांचा मॅनेजर नव्हताच, असं त्याचं स्वतःचं म्हणणं होतं. "मी डार्ट्सचा खेळाडू आहे. पंप मधेच आले."

डार्ट्स म्हणजे भिंतीवरच्या गोल फळ्यावर छोटे बाण फेकायचे. आमच्याकडे जत्रेत फुगे फोडतात तसं काहीतरी, असंच आम्हाला वाटायचं. पण युरोपात त्यावर पोट भरणारे लोक असतात, टीव्हीवर सामने होतात, हजारो माणसं बघायला जातात, आणि हा त्यातला एक होता म्हणे. गावातल्या दारूच्या गुत्त्यात खेळायला लागला, मग जिल्ह्यात, मग देशाबाहेर. कॅन्टीनमध्ये त्याने स्वतः बोर्ड टांगला, टेपने अंतर मोजलं, जमिनीवर पिवळी रेघ मारली. जेवणाच्या सुटीत आमची माणसं बाण फेकत आणि हा मागे उभा राहून खांदा कुठे, कोपर कुठे ते सांगे. हिशोब मला शिकवला. पाचशे एकवरून सुरू करायचं, प्रत्येक फेरीत तीन बाण, पडतील तेवढे गुण वजा करायचे, आणि शेवट करताना बाण अगदी मधल्या टिपक्यात किंवा बाहेरच्या अरुंद कड्यातच लागला पाहिजे, जिथे आकडा दुप्पट होतो. म्हणजे बत्तीस उरले तर सोळाच्या कड्यात. एकशे सत्तर हा सगळ्यात मोठा आकडा, जो तीन बाणांत संपवता येतो. त्याच्या वर असलात तर थांबा आपल्या पाळीची वाट बघत. मला तो हिशोब आवडला. नियम स्पष्ट होते.

फक्त एक गोष्ट होती. त्याला बाण फेकताना कुणी कधी पाहिलं नव्हतं.

तो रेघेवर यायचा. बाण बोटांत धरायचा. हात उचलायचा, डोळ्यांच्या रेषेत आणायचा. आणि तिथेच थांबायचा. आम्ही घास तोंडाशी धरून बघत बसायचो. मग तो हात खाली घ्यायचा, "खलास" म्हणायचा आणि चहा घ्यायला जायचा.

"ताई," हुसेनभाई म्हणाले, "बोर्ड लावतो, रेघ मारतो, सगळ्यांना शिकवतो, आणि मारायच्या वेळी चहाला जातो. असा खेळाडू असतो होय? थापा आहेत सगळ्या."

मलाही तेच वाटत होतं. पण घरी त्याच्याकडे एक व्हिडिओ कॅसेट होती. जो येईल त्याला तो ती दाखवी. आम्हा नवराबायकोलाही एकदा दाखवली. मोठं सभागृह, धूर, माणसांची गर्दी, आणि रंगीत शर्टात हाच, वीस-एक किलोंनी हलका. भराभर बाण टाकतोय, लोक ओरडतायत. मग एकदम शांतता. पडद्याच्या कोपऱ्यात बत्तीस हा आकडा. तो हात उचलतो. आणि इथे त्याने उठून कॅसेट थांबवली.

"चहा घेणार?"

"पुढे काय झालं?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"साखर किती?" तो म्हणाला.

म्हणजे थापा नव्हत्या. मग काय होतं? बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "हरला असेल, लाज वाटत असेल." मी म्हटलं, "लाज वाटते तर कॅसेट दाखवतो कशाला?"

उलगडा झाला तो वार्षिक मोजणीच्या वेळी. स्टोअरला रंग द्यायचं काम चाललं होतं, म्हणून माल कॅन्टीनच्या टेबलांवर मांडला होता. पंपांचे गॅस्केट सोळा-सोळाच्या खोक्यांत येत. दुपारची वेळ, सगळे कामावर. मी खोक्यांवर हात ठेवत मोजत होते. मला मोजताना पाढा मोठ्याने म्हणायची सवय आहे. माझे वडील बुलढाण्याकडे प्राथमिक शाळेत शिक्षक होते. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेले ते पहिले. पाढे येणाऱ्या माणसाला कुणी फसवू शकत नाही, यावर त्यांची श्रद्धा होती, आणि आम्हा भावंडांकडून ते तिसापर्यंतचे पाढे रोज म्हणून घेत. एकच नियम होता. पाढा मधे सोडायचा नाही. मधे थांबलं की पुन्हा 'एके'पासून.

"सोळा एके सोळा," मी म्हटलं, "सोळा दुणे बत्तीस..."

ठक्.

मी दचकून वळले. मागे रेघेवर मिस्टर उभा होता. तो कधी आला मला कळलंच नव्हतं. हात पुढे, बोटं उघडी. बाण बोर्डात थरथरत होता. तो बाणाकडे बघत नव्हता, स्वतःच्या बोटांकडे बघत होता.

"काय म्हणालात?" त्याने विचारलं.

"काही नाही. मोजत होते."

"पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हटलं. 'दुणे'वर दुसरा बाण सुटला. मी घाबरून थांबले.

"ही कुठल्या देवाची प्रार्थना आहे?"

"देवाची नाही. तिसरीच्या वर्गाची."

मग त्याने खुर्ची ओढली आणि सांगितलं. आजाराला त्यांच्यात नावही आहे म्हणे. नेम असतो, इच्छा असते, हात वर जातो, पण बोटं उघडत नाहीत. का ते कुणालाच ठाऊक नाही. त्या कॅसेटमधल्या सामन्यात, एवढ्या लोकांसमोर, बत्तीस राहिले असताना ते पहिल्यांदा झालं. तो उभा राहिला, उभाच राहिला, आणि शेवटी बाण खिशात घालून मंचावरून खाली उतरला. मग डॉक्टर झाले, संमोहन झालं, कुणी डाव्या हाताने टाकायला सांगितलं. काही उपयोग झाला नाही. वडिलांचा धंदा पंपांचा होता, म्हणून पंप.

"नेम धरणं कुणालाही येतं," तो म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडी नेहमीचं होतं. कुठलं काम रखडलं की तो ते बोलायचा. अर्थ मला त्या दिवशी लागला. किंवा लागला असं वाटलं.

त्यानंतर सुटीत रोज मी पाढे म्हणू लागले आणि तो बाण टाकू लागला. मला यात काय कळत होतं? काहीच नाही. पण पंप दुरुस्त होताना आपण कारण विचारत नाही, चालू झाला ना ते बघतो. तसंच समजा. कुठलाही आकडा असो, पाढा सोळाचाच लागे. कॅसेटवर म्हणून दिला तर चालत नसे. मी करून पाहिलं होतं. सोयीसाठी मी हुसेनभाईंना माझ्या जागी बसवून पाहिलं. त्यांचं शिक्षण उर्दू शाळेतलं. त्यांनी खणखणीत आवाजात "सोलह एकम सोलह, सोलह दूनी बत्तीस" म्हटलं. मिस्टरचा हात हवेत तसाच.

"का? माझ्या शाळेत काय कमी होतं?" हुसेनभाई खरोखर दुखावले. मग जिद्दीने माझ्याकडून मराठी पाढा शिकले. तो मात्र चालला. का, ते मला विचारू नका. हळूहळू सगळं कॅन्टीन पाढा म्हणू लागलं. शाळेत असतं तसं, एकाने सुरू करायचं, बाकीच्यांनी सुरात सूर मिळवायचा. केरळचे दोन वेल्डर होते, त्यांना मराठीचा गंध नव्हता, तेही 'सोळा चोक चौसष्ट' छातीठोकपणे म्हणत.

आणि मग स्पर्धा आली. आखाती देशांतल्या क्लबांची. जिंकणाऱ्याला युरोपातल्या मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत जागा मिळणार होती. मिस्टरने मला बोलावून सांगितलं, "मी नाव दिलंय. जिंकलो तर परत जाता येईल. हात अडकला तर बाण खाडीत टाकीन आणि मरेपर्यंत पंप बघीन."

"पण तिथे पाढा कसा म्हणायचा?"

"पुढच्या रांगेत बसा. हॉलमध्ये गोंगाट असतो. कुणाला ऐकू जाणार नाही, मला जाईल."

शुक्रवार दुपार. मनामातल्या एका क्लबाचा हॉल. मी सगळी तयारी करून गेले होते. पाण्याची बाटली, खडीसाखर, घसा बसला तर आलं. सोबत नवरा, हुसेनभाई आणि वर्कशॉपमधली आमची सगळी मंडळी, इस्त्रीचे शर्ट घालून. गोंगाट खरंच होता. मी पुढच्या रांगेत बसून पुटपुटत होते आणि मिस्टरचे बाण सुटत होते. एकेक जण हरत गेला. आपण काय करतोय हे मला माहीत नव्हतं, पण ते नीट चाललं होतं, आणि नीट चाललेल्या कामात मी कधी व्यत्यय आणत नाही.

अंतिम सामना एका स्कॉटिश फोरमनशी. शेवटचा डाव. मिस्टरचे बत्तीस राहिले. समोरच्याचे वीस. म्हणजे आता संपवलं तर संपलं, नाहीतर तो संपवणार.

आणि हॉल शांत झाला. सभ्य लोक होते. अंतिम सामन्याच्या शेवटच्या बाणांना कुणी खोकायचंही नाही अशी तिथली रीत. पंचाने एक बोट ओठांवर ठेवून सगळ्यांकडे पाहिलं. माझे ओठ उघडलेले तसेच मिटले. या शांततेत मी एक शब्द उच्चारला असता तर भिंतीपर्यंत ऐकू गेला असता, आणि नियम मला माहीत होता. पंचाने शांतता मागितली की प्रेक्षकांनी आवाज करायचा नाही. आयुष्यात मी कधी नियम मोडलेला नाही.

मिस्टरने हात उचलला. डोळ्यांच्या रेषेत आणला.

आणि थांबला.

एसीचा आवाज येत होता. त्याच्या मानेवरून घाम ओघळताना दिसत होता. कॅसेट जिथे बंद व्हायची तीच जागा ही. बोटं पांढरी पडली होती. माझ्या नवऱ्याने माझा हात दाबला. मी त्याच्याकडे बघितलं, पंचाकडे बघितलं, पुन्हा मिस्टरच्या बोटांकडे बघितलं. हात किंचित खाली यायला लागला.

तेवढ्यात मागून, हेडमास्तरच्या आवाजात, हुसेनभाई ओरडले, "सोळा एके सोळा!"

आता शाळेत गेलेल्या माणसाचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. एकाने 'एके' म्हटलं की तोंड आपोआप उघडतं. आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "सोळा दुणे बत्तीस!"

बाण सुटला. कड्याच्या केसभर बाहेर, तारेला लागून पडला.

तिथे थांबायला हवं होतं. त्याला श्वास घ्यायला, पुन्हा नेम धरायला वेळ द्यायला हवा होता. पण पाढा निघाला होता. "सोळा त्रिक अठ्ठेचाळीस!" दुसरा बाण गेला, बाहेर. "सोळा चोक चौसष्ट!" तिसरा गेला, तोही बाहेर. पंच हात वर करून "सायलेन्स!" ओरडत होता, सगळा हॉल वळून आमच्याकडे बघत होता, आणि आम्ही, मी धरून, उभे राहून म्हणत होतो, "सोळा पाचे ऐंशी, सोळा सक शहाण्णव..." शेवटी "सोळा दाहे एकशे साठ!" झालं तेव्हाच आमची तोंडं मिटली. केरळचे वेल्डर सगळ्यात शेवटी थांबले.

स्कॉटिश फोरमनने पहिल्याच बाणात वीस संपवले.

पंचाने नम्रपणे आम्हाला बाहेर जायला सांगितलं. आम्ही पार्किंगमध्ये माना खाली घालून उभे राहिलो. हुसेनभाई डोळे पुसत होते. "ताई, मी त्याचं वाटोळं केलं. मी सुरूच करायला नको होतं."

"सुरू तुम्ही केलंत," माझा नवरा म्हणाला, "पण थांबलं कोण? मीसुद्धा म्हणत होतो."

मिस्टर बाहेर आला. लांब ढांगा टाकत सरळ आमच्याकडे. मी मनात समजुतीची वाक्यं जुळवत होते. पण तो हसत होता. असा हसत होता की आम्हाला भीती वाटली.

"तीन!" त्याने तीन बोटं आमच्या तोंडासमोर धरली. "तीन सुटले. लागोपाठ. बत्तीसला!"

"पण तुम्ही हरलात," मी म्हटलं. कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं.

"हो. हरलो. तीन सुटले!"

आणि तो एकेकाचा हात हातात घेऊन अभिनंदन करू लागला. वाढदिवसासारखं. हुसेनभाईंचं, वेल्डरांचं, माझ्या नवऱ्याचं. नवरा माझ्या कानाशी म्हणाला, "हरल्याबद्दल?" मी म्हटलं, "विचारू नका. घ्या."

हुसेनभाईंना राहवेना. "मिस्टर, माफ करा. बत्तीसला थांबायला पाहिजे होतं."

"मग का नाही थांबलात?"

हुसेनभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "पाढा मधे सोडत नाहीत," मी सांगितलं.

त्याचं हसू थांबलं. तो माझ्याकडे बघत राहिला, जणू मी काहीतरी चुकीचं बोलले होते. "कुणी सांगितलं असं?"

"वडिलांनी."

"मधे थांबलं तर?"

"पुन्हा पहिल्यापासून."

त्याने खिशातला एक बाण काढून बोटांत फिरवला. मग एकदम म्हणाला, "सोळानंतर काय येतं?"

"सतरा."

"तो कुठे संपतो?"

"सतरा दाहे एकशे सत्तर."

"एकशे सत्तर," तो म्हणाला. "एकशे सत्तर!" आणि पुन्हा हसायला लागला. सायकलवर बसला आणि ओला रुमाल न बांधताच निघून गेला. आम्ही उन्हात उभे.

पुढच्या आठवड्यात त्याने राजीनामा दिला. मला काही कळेना. जिंकला असता तर गेला असता हे समजू शकत होते. हरलेला माणूस कशाच्या जोरावर जातो? पात्रता फेरीत जागा नाही, नोकरी नाही. मी तसं विचारलंही. तो म्हणाला, "गुत्त्यापासून सुरुवात करीन. एकेपासून." जायच्या आदल्या संध्याकाळी त्याने आम्हाला चहाला बोलावलं आणि ती कॅसेट पूर्ण दाखवली. तो हात उचलतो, उभा राहतो, उभा राहतो, आणि खाली उतरतो. एवढंच. मग जाहिरात लागली. तो चॉकलेटचे दाणे घातलेला ब्रेड खात आमच्याइतक्याच उत्सुकतेने बघत होता. कॅन्टीनमधला बोर्ड तो ठेवून गेला, संडासातलं कॅलेंडरही. ते काढायचं का, यावर हुसेनभाईंचं आणि माझं बोलणं झालं. काढलं नाही.

मग बरेच महिने गेले. एक दिवस संध्याकाळी, ऑफिस सुटायच्या सुमारास फोन वाजला. खरखर, मागे माणसांचा कल्ला, ग्लासांची किणकिण. ना हॅलो, ना कशा आहात.

"मॅडम, सतरा."

"कोण बोलतंय?" मी विचारलं, पण आवाज ओळखला होता. "तुम्ही कुठे आहात? कसे आहात? खेळता का?"

"मी फोन टेबलावर ठेवतोय. सतरा, प्लीज."

खट् असा आवाज आला. मग नुसता कल्ला. मी रिसीव्हर कानाला धरून बसले. समोर नवा मॅनेजर उभा होता, हातात सहीचे कागद. हुसेनभाई दारात थबकले होते. पलीकडे कुणी ऐकतंय की नाही, मला काही कल्पना नव्हती.

"सतरा एके सतरा," मी म्हटलं. नव्या मॅनेजरने भुवया वर केल्या. "सतरा दुणे चौतीस."

ठक्.

लांबून, पण स्पष्ट. मी थांबले नाही. "सतरा त्रिक एक्कावन्न." ठक्. "सतरा चोक अडुसष्ट." ठक्. पलीकडे माणसं ओरडली. आनंदाने की निषेधाने, ते मला आजही सांगता येणार नाही. पुढे ठक् ऐकू आलं नाही. बहुधा त्याची फेरी संपली होती, बहुधा तो फोन विसरून गेला होता. हुसेनभाईंनी हाताने खूण केली, झालं का?

मी मानेनेच नाही म्हटलं आणि पुढे म्हणत राहिले, एकशे सत्तरपर्यंत.